जिताडा गरवायचा तर : नाशिकहून वैतरणेच्या खाडीपर्यंत

त्र्यंबकच्या डोंगरांवर पडणाऱ्या पावसाला दोन वाटा आहेत. एका अंगाने उतरलेलं पाणी गोदावरी होतं आणि १,४६५ किलोमीटर चालून पूर्वेला बंगालच्या उपसागराला मिळतं. दुसऱ्या अंगाचं पाणी वैतरणा होऊन घाट उतरतं, वाटेत पिंजाळ, देहर्जे, सूर्या, तानसा यांना पोटात घेतं आणि दातिवरे व अर्नाळा यांच्या मधून अरबी समुद्रात शिरतं. या दोन्ही नद्यांच्या मुखाशी, जिथे गोडं पाणी खाऱ्यात मिसळून निमखारं होतं, तिथे एकच मासा राहतो. गोदावरीच्या मुखाशी तेलुगू माणूस त्याला पंडुगप्पा म्हणतो, वैतरणेच्या मुखाशी आपण त्याला जिताडा म्हणतो. बंगालात तो भेटकी, तमिळनाडूत कोडुवा, गोव्यात चोणक, ऑस्ट्रेलियात बारामंडी. शास्त्रातलं नाव लॅटिस कॅल्कॅरिफर.

गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर कणकेच्या गोळीला रोहू लावत शिकलेला मी माणूस. खाडीवर गेलो तेव्हा पहिली दोन वर्षं धरणाचीच सवय घेऊन गेलो : सावलीची जागा बघायची, गळ टाकायचा, बसून राहायचं. जिताडा एकदाही लागला नाही. धरणातलं पाणी उभं असतं, तिथे मासा आमिषाकडे फिरत फिरत येतो. खाडीतलं पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं आणि जिताडा त्या पाण्याच्या घड्याळावर जगतो. त्याचं आयुष्य समजलं की कुठल्या दिवशी निघायचं, कुठे उभं राहायचं, गरीला काय लावायचं, हे सगळं त्यातूनच निघतं. म्हणून या लेखात अर्धा भाग माशाचा आहे आणि अर्धा गरवण्याचा. पहिला भाग वगळून दुसऱ्याकडे उडी मारू नका.

आधी मासा ओळखा

जिताड्याचं अंग लांबट आणि दोन्ही बाजूंनी दबलेलं असतं. डोकं टोकदार, आणि कपाळापासून पाठीपर्यंतची रेषा खोलगट, जणू कोणी अंगठ्याने दाबली आहे. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला. तोंड एवढं मोठं की जबड्याचं हाड डोळ्याच्या मागेपर्यंत जातं. दात मात्र सुळ्यांसारखे नसतात, तोंडात बोट फिरवलं तर खरखरीत ब्रशसारखे लागतात. शेपूट गोल पंख्यासारखं. पाठीवरच्या पराच्या पुढच्या भागात सात ते नऊ कडक काटे असतात, मागचा भाग मऊ. रंग पाण्याप्रमाणे बदलतो : समुद्राजवळचा मासा चांदीसारखा, पाठीवर निळसर-हिरवट, वरच्या गोड्या पाण्यातला गडद, तपकिरी-सोनेरी झाक असलेला. रात्री विजेरीचा झोत पडला की डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, कारण डोळ्याच्या मागे प्रकाश परतवणारा थर असतो. अंधारात आणि गढूळ पाण्यात शिकार करणाऱ्याला तो लागतोच.

एक गोष्ट मात्र फोटोत दिसत नाही आणि हातालाच कळते : कल्ल्याच्या झाकणाची कड. तिला करवतीसारखे दाते आहेत आणि कोपऱ्यावर एक मजबूत काटा. ‘कॅल्कॅरिफर’ या लॅटिन नावाचा अर्थही ‘आर धारण करणारा’ असाच आहे, घोडेस्वाराच्या टाचेला असते तशी आर. या कडेने दोर कापला जातो आणि बोटंही.

नाशिकच्या बाजारात किंवा हॉटेलात ‘भेटकी’ म्हणून पांढऱ्या, बिनकाट्याच्या वड्या मिळतात. त्या पुष्कळदा बासा या दुसऱ्याच माशाच्या असतात. अख्खा मासा डोक्या-शेपटासकट बघितला तर फसायचं कारण नाही : बासाला खवले नसतात आणि मिशा असतात, जिताड्याला मोठे, कडक खवले असतात.

त्याचा जन्म, आणि तो नदी का चढतो

जिताड्याची अंडी खाऱ्या पाण्यातच जगतात. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या सुमारास मोठे मासे खाडीच्या मुखाशी जमतात आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, संध्याकाळनंतर, चढत्या पाण्यात अंडी सोडतात. चढतं पाणीच का, हे नकाशा बघितला की लक्षात येतं. अंडं पाऊण मिलिमीटरचं, तरंगणारं. ओहोटीला सोडलं तर समुद्रात वाहून जाईल; भरतीला सोडलं तर तेच पाणी त्याला खाडीत आणून टाकतं. २८ ते ३० अंशांच्या उबदार पाण्यात अंडं एका दिवसाच्या आत फुटतं.

नंतर ते इवलं पिल्लू खाजणात, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या खाडीकाठच्या जमिनीत शिरतं. तिवर, कांदळ, चिप्पी या खारफुटीच्या झाडांच्या मुळांमध्ये, पावसाच्या पाण्याने भरलेल्या उथळ डबक्यांत त्याला सूक्ष्म जीव आणि करंदीची पिल्लं खायला मिळतात आणि मोठ्या माशांपासून आडोसा मिळतो. कांदळवन तोडलं की जिताडा संपतो, हे वाक्य म्हणूनच भावनेचं नाही, हिशोबाचं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये महाराष्ट्रातल्या कांदळवनाच्या तोडीवर बंदी आणली, राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो, आणि पांढरी चिप्पी २०२० मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष झाली. गरवायला जागा करण्यासाठी फांदी छाटणंसुद्धा या माशाच्या पाळण्याची दोरी कापणं आहे. ते करू नका.

वाढलेली पिल्लं मग नदीच्या वरच्या, गोड्या पाण्याकडे सरकतात. तिथे तीन-चार वर्षं काढून वयात आली की पुन्हा खाडीच्या मुखाकडे उतरतात. सगळेच मासे नदी चढत नाहीत. काही जन्मभर खाडीत आणि किनाऱ्यालगतच राहतात. पण चढायची वाट मोकळी असेल तर चढणारे चढतात, आणि बंधारा आडवा आला की तिथेच थांबतात. बंधाऱ्याच्या खालच्या डोहात जिताडा सापडतो तो याच कारणाने.

रायगडातल्या अलिबाग-पेणच्या खारेपाटातल्या शेतकऱ्यांनी हे फार पूर्वी ओळखलं. पावसाळ्यात खाडीतली पिल्लं आणून घराशेजारच्या तळ्यात सोडायची, तळ्यातल्या लहान माशांवर ती वाढू द्यायची आणि पाहुणा आला किंवा लग्नकार्य निघालं की काढायची, ही तिथली जुनी रीत आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये भारतात या माशाचं नियंत्रित प्रजनन साधलं, आणि तेव्हापासून पिल्लं बीजकेंद्रातूनही मिळू लागली.

मोठा मासा म्हणजे मादी

हा या माशाच्या आयुष्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. जिताडा पहिल्यांदा वयात येतो तो नर म्हणून, तीन-चार वर्षांचा असताना. काही हंगाम नर म्हणून काढल्यावर, साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात, त्याच शरीरात वृषणांच्या जागी अंडाशय तयार होतो आणि तो मादी होतो. परत नर होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोजमापांनुसार हा बदल साधारण ८० ते १०० सेंटिमीटर लांबीला होतो. ८० सेंटिमीटरचा जिताडा सहा-सात किलोचा भरतो. म्हणजे ज्या माशासोबत फोटो काढायची इच्छा होते तो मासा बहुतेक वेळा मादी असतो. सव्वा मीटरच्या आसपासची मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी सोडू शकते, आणि तेवढी मोठी होण्यासाठी तिला आधी नर म्हणून जगावं लागलेलं असतं.

इतर बऱ्याच माशांत मोठा मासा काढला तर नर आणि मादी दोन्ही जातात. इथे फक्त माद्या जातात. क्वीन्सलंडमध्ये म्हणूनच सर्वसाधारणपणे ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा जिताडा ठेवता येत नाही : लहानाने एकदा तरी प्रजनन करावं, आणि मोठ्या आईला वाचवावं. माझा स्वतःचा नियम त्याहून कडक आहे. ६० ते ७५ सेंटिमीटरमधला एखादा घरी आणतो, बाकी सगळे परत पाण्यात. मोजायची पट्टी रॉडच्या मुठीजवळच चिकटवून ठेवलेली आहे, म्हणजे अंदाजावर भागत नाही.

तो शिकार कशी करतो

जिताडा पाठलाग करणारा नाही, दबा धरणारा आहे. वाहत्या पाण्याकडे तोंड करून, पण स्वतः प्रवाहाच्या बाहेर, एखाद्या खांबाच्या, खडकाच्या, पडक्या खोडाच्या मागच्या संथ पाण्यात तो उभा राहतो. वाहून येणारा बोय मासा, कोळंबी किंवा चिखलावर उड्या मारणारा लहान मासा निवटी जवळ आली की तोंड आणि कल्ले क्षणात फाकवतो. तोंडात पोकळी होते आणि पाणी भक्ष्यासकट आत ओढलं जातं. पृष्ठभागाजवळ हे घडलं की ‘भॉक्’ असा भरीव आवाज येतो. एकदा ऐकला की विसरत नाही. आपल्या लांबीच्या निम्म्याहून मोठं भक्ष्य तो गिळू शकतो, स्वतःचे भाऊसुद्धा. बीजकेंद्रात म्हणूनच पिल्लांची आकारानुसार सतत निवड करावी लागते, नाहीतर मोठी पिल्लं लहानांना संपवतात.

या चोखण्याचा गरवणाऱ्याला एक थेट उपयोग आहे. आमिष ताठ दोराला बांधलेलं असेल तर ते पाण्याबरोबर आत जात नाही. मासा तोंड उघडतो, मिटतो, आणि आपल्याला नुसता धक्का जाणवतो. थोडा सैल दोर हवा.

त्याच्या अंगावरची संवेदनरेषा शेपटाच्या परापर्यंत जाते. गढूळ पाण्यात तो नजरेपेक्षा या रेषेने पाण्याचा कंप ओळखतो. होडीच्या फळीवर बादली आपटली, बांधावर जड पावलं टाकली, तर ते त्याला कळतं.

पाण्याची ऊब त्याला फार लागते. २६ ते ३२ अंशांत तो नीट खातो, वीसच्या खाली त्याची भूक मंदावते, आणि पाणी १५ अंशांच्या खाली गेलं तर जीव धोक्यात येतो. निफाडला थंडीत हवेचा पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. द्राक्षबागांच्या शेततळ्यात जिताडा सोडायचा का, असं मला दिंडोरी, निफाड, चांदवडकडच्या मित्रांनी विचारलं आहे. गोड्या पाण्यात तो वाढतो, हे खरं. चांगल्या खाद्यावर वर्षात अर्धा ते एक किलो होतो, हेही खरं. पण प्लास्टिक अंथरलेलं उथळ शेततळं डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीत फार लवकर गार होतं. मार्चमध्ये बोटभर नव्हे तर वीतभर, आकाराने सारखी पिल्लं सोडून थंडीआधी काढणं जमत असेल, गोळी खाद्याला ती आधीच सरावलेली असतील आणि वीज गेल्यावर हवा देणारं यंत्र चालवायची सोय असेल, तरच विचार करा. सोडण्याआधी एक हिवाळाभर पहाटे तळ्याच्या तळाचं तापमान वहीत लिहा. आणि धरणात किंवा नदीत तो कधीच सोडू नका. दुसऱ्यांची पिल्लं खाणारा मासा आहे तो.

पहिली पायरी : तिथी बघून दिवस ठरवा

खाडीच्या गावात भरतीची वेळ काढायला पूर्वी घड्याळ-तक्ता नव्हता, पंचांग होतं. मुंबई-पालघरच्या किनाऱ्यावर अजून चालणारा हिशोब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पंचमीला पावणेचार, एकादशीला सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सहा तासांच्या आसपास ओहोटीचं टोक, आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. रोज ही वेळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हा अंदाज आहे. निघण्याआधी मोबाइलवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघा, आणि खाडीत जितके आत जाल तितकी वेळ उशिराची धरा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि उतरतं, ते उधाण. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाचा फरक पाच मीटरच्या जवळ जातो. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी, तो भांग. उधाणाला पाणी इतक्या जोरात धावतं की तळाचा चिखल ढवळून सगळं चहासारखं होतं. भांगाला पाणी निवळतं, पण कधी कधी इतकं मंद की जिताड्यासमोर काही वाहूनच येत नाही.

नाशिकच्या माणसासाठी मी चतुर्थी, पंचमी आणि षष्ठी हे दिवस धरतो. कारण साधा हिशोब. चतुर्थीला भरती पहाटे तीनला, म्हणून ओहोटीचं टोक नऊला. षष्ठीला भरती साडेचारला, टोक साडेदहाला. अडीच वाजता घर सोडून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर असं उतरलं की उजाडता उजाडता खाडीवर पोहोचता येतं, आणि ओहोटीचे शेवटचे दोन-अडीच तास व भरतीचा पहिला तास असा सगळ्यात कामाचा वेळ हातात पडतो. उधाण ओसरत आलेलं असतं, भांग लागायचा असतो, त्यामुळे पाणी चालतंही आणि निवळूही लागतं. मुक्काम करणार असाल तर पौर्णिमा-अमावास्येला ओहोटीचं टोक तिन्हीसांजेला येतं, तो मोठ्या माशाचा वेळ. पण रात्री अनोळखी खाडीत एकट्याने थांबू नका.

महिन्यांत माझा अनुभव सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत आणि मग मार्च ते मे असा आहे. थंडीत तो सुस्त होतो. भर पावसात वैतरणेला पूर असतो, तेव्हा किनाऱ्यावर उभं राहणं हेच धोक्याचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदीही असते. आणि हाच त्याचा अंडी घालायचा हंगाम असल्यामुळे किनाऱ्यावरूनही मी त्या दिवसांत गरी टाकत नाही.

दुसरी पायरी : पाणी कुठून उतरतं ते शोधा

पहिल्या फेरीत रॉड गाडीतच ठेवा. ओहोटीच्या टोकाला खाडीच्या कडेने चाला आणि बघा. भरतीत जे सगळं सपाट पाणी दिसतं, त्याखालची खरी जमीन तेव्हा उघडी पडते : चर कुठे आहेत, खडक कुठे, खोल डोह कुठे. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. भरतीत त्याच जागा ओळखायच्या आहेत.

भरतीला बोय, करंदी, लहान मासे खायला कांदळवनात शिरतात आणि जिताडाही त्यांच्या मागे आत जातो. तिथे त्याला गाठणं अवघड, मुळांत दोर अडकतो. ओहोटी लागली की आतलं पाणी लहान चरांवाटे मुख्य खाडीत परत यायला लागतं आणि शेवटी सगळ्या लहान माशांना त्याच एका अरुंद तोंडातून बाहेर पडावं लागतं. जिताडा तिथे आधीच येऊन थांबलेला असतो. चराचं गढूळ पाणी खाडीच्या निवळ पाण्याला मिळतं तिथे रंगाची रेघ दिसते. त्या रेघेच्या निवळ बाजूला आमिष हवं.

खारभूमीच्या बांधाची उघाडी ही दुसरी जागा. शेतातलं पाणी उघाडीच्या झडपेतून बाहेर पडतं तिथे खाली खड्डा झालेला असतो, त्यात भोवरा फिरतो. जुन्या पुलाचे खांब, धक्क्याचे दगड, वळणाची बाहेरची खोल बाजू, खाडीत पडलेलं झाड, या बाकीच्या जागा. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच : पाणी धावतंय आणि त्याच्या शेजारी थांबलंय, अशी जागा इथे कुठे आहे?

कोळी, मांगेला, वैती मंडळींच्या जाळ्यांचे खांब दिसले तर त्यांच्यापासून लांब राहा. ती त्यांची रोजीरोटी आहे. उघाडीवर किंवा बांधावर जाण्याआधी गावात विचारा. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा एका वयस्क काकांनी जागा दाखवली आणि विचारलं, “किती वाजता निघणार?” मी म्हटलं, मासे लागतील तोवर. ते म्हणाले, “दादा, पाणी वळलं की निघायचं. मागचा चर आधी भरतो.” खरोखरच तसं होतं. आपण समोरचं पाणी बघत असतो आणि आपल्या पाठीमागचा कोरडा चर कमरेएवढा भरलेला असतो. परतीची वाट बघून ठेवा, ओल्या वाळूसारखा दिसणारा मऊ चिखल काठीने चाचपा, पाण्यात उतरलात तर पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, म्हणजे तळाशी बसलेलं पाखट, शेपटीत काटा असलेला चपटा मासा, सरकून जातं.

तिसरी पायरी : सामान

यावर मी फार लिहीत नाही, कारण दुकानात यावरच सगळ्यात जास्त बोललं जातं आणि माशाला त्याचं फारसं देणंघेणं नसतं. सात ते आठ फुटी, मध्यम-जड ताकदीचा रॉड. चार हजार आकाराचं, खाऱ्या पाण्याला टिकणारं स्पिनिंग रील. त्यावर तीस पौंडी विणलेला दोर, दोनशे मीटर. दोराच्या टोकाला मात्र हात आखडू नका : पन्नास-साठ पौंडी जाड नायलॉन किंवा फ्लोरोकार्बनचा लीडर, हातभर तरी. माझा पहिला जिताडा मी इथेच गमावला. रोहूसाठीचा बारीक दोर थेट गरीला बांधला होता. मासा दोन उड्या मारून किनाऱ्यापर्यंत आला, डोकं झटकलं, आणि दोर कल्ल्याच्या कडेवर सुरीने कापावा तसा तुटला. गरी त्याच्या तोंडातच राहिली, याचं दुःख मासा गेल्याच्या दुःखापेक्षा जास्त काळ टिकलं.

जिवंत आमिषासाठी गोल वळणाची सर्कल गरी, ४/० ते ६/० आकाराची. ती पोटात न जाता ओठाच्या कोपऱ्यात बसते, त्यामुळे सोडलेला मासा जगतो. गरीचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. घरी परतल्यावर रॉड-रील गोड्या पाण्याने धुवा.

चौथी पायरी : आमिष आणि फेक

वीतभर बोय हे जिताड्याचं हक्काचं खाणं. पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकता येत असेल तर भरतीच्या कडेला उथळ पाण्यात बोय मिळतात. येत नसेल तर गावातल्या माणसाकडून विकत घ्या. मोठी जिवंत कोळंबी तितकीच चांगली. बोयाला गरी वरच्या ओठातून किंवा पाठीच्या पराच्या पुढे कातडीखालून लावा, मणक्याला धक्का न लावता. प्रवाह असेल तर ओठातून, म्हणजे तो पाण्याकडे तोंड करून नीट पोहतो. कोळंबीला शेपटीच्या टोकाजवळून. डोक्यातल्या काळ्या ठिपक्याला गरी लागली की ती मरते. वजन शक्य तितकं कमी ठेवा. आमिष चराच्या तोंडाच्या वरच्या अंगाला टाका आणि पाण्याबरोबर खाली येऊ द्या, वाहून आलेल्या माशासारखं.

लूर, म्हणजे माशासारखं बनवलेलं कृत्रिम आमिष, वापरणार असाल तर दहा ते बारा सेंटिमीटरचा, मीटरभर खोल जाणारा पुरतो. रबरी मासा जड डोक्याच्या गरीवर लावला तरी चालतो. इथे एक सवय मोडावी लागते : सारखं ओढत राहायचं नाही. दोन झटके द्या आणि थांबा. तीन-चार आकडे मोजा. पुन्हा झटका, पुन्हा थांबा. धडक बहुतेक वेळा थांबलेल्या क्षणी बसते, कारण दबा धरून बसलेला मासा पळणाऱ्यापेक्षा अडखळलेल्यावर झडप घालतो. गढूळ पाण्यात गडद रंग आणि कंप करणारा लूर, निवळ पाण्यात चंदेरी.

एका जागी दहा-पंधरा फेका झाल्या आणि काही नाही, तर हला. पण चर वाहता असेल आणि बोय उड्या मारत असतील, तर हलू नका. पाण्याचा शेवटचा अर्धा तास बाकी असतो.

पाचवी पायरी : लागल्यावर

सर्कल गरीला झटका द्यायचा नाही. दोर पळायला लागला की रीलचा दांडा सावकाश फिरवत ताण येऊ द्या, गरी आपोआप कोपऱ्यात बसते. लूरला मात्र एक ठाम झटका लागतो. जिताडा पहिल्याच दमात खांबाकडे किंवा मुळांकडे धावतो, तेव्हाच त्याला वळवावं लागतं. रीलचा ब्रेक दोराच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर आधीच लावून ठेवा, ऐन वेळी बोटं चालत नाहीत. मग तो उडी मारतो, कल्ले फाकवून डोकं झटकतो. त्या वेळी रॉडचं टोक खाली, पाण्याजवळ आणा आणि दोर ढिला पडू देऊ नका.

किनाऱ्याला आल्यावर काय करायचं ते मी एका चुकीतून शिकलो आणि ती चूक सांगणं मला गरजेचं वाटतं. ९० सेंटिमीटरच्या वरचा मासा होता. मी त्याला जबड्याला धरून उभा उचलला, मित्राने फोटो काढले, पुन्हा काढले. सोडल्यावर तो पोट वर करून उलटला आणि ओहोटीबरोबर तसाच गेला. पाण्यात ज्या अंगाला कधी वजन जाणवलेलं नाही, ते पूर्ण वजन मी त्याच्या जबड्यावर आणि मणक्यावर टांगलं होतं. ती मादी असणार, हे मला नंतर कळलं.

तेव्हापासून मी असं करतो. बिनगाठीची, मऊ जाळीची हातजाळी वापरतो. मासा जाळीतच, पाण्यातच ठेवून गरी पकडीने काढतो. हात ओले करतो, कारण कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे जखमा होतात. कल्ल्यात बोटं घालत नाही, त्याच्यासाठीही आणि स्वतःच्या बोटांसाठीही. उचलायचाच झाला तर एक हात जबड्याखाली, दुसरा पोटाखाली, मासा आडवा, आणि आपला श्वास रोखून धरवेल तेवढाच वेळ. मग वाहत्या पाण्याकडे तोंड करून त्याला धरतो. पुढे-मागे ढकलत नाही. पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांतून बाहेर पडलं पाहिजे. शेपटाचा जोर परत येतो आणि तो स्वतः हातातून निसटतो. त्याला कधी मिनिट लागतो, कधी पाच.

घरी आणायचा एखादा असेल तर

मापात बसलेला मासा ठेवायचा ठरवलं तर तो लगेच मारा, डोक्यावर डोळ्यांच्या जरा मागे एक ठाम फटका. कल्ले कापून रक्त वाहू द्या आणि पोट तिथेच साफ करा. नाशिकपर्यंत चार तासांचा रस्ता आहे, म्हणून माशाच्या वजनाइतका तरी बर्फ हवा, ठेचलेला, पोटातही भरलेला. बर्फाचं पाणी खोक्याच्या तळाला साचू देऊ नका, मासा त्यात भिजला की चव जाते. खवले काढताना दोन-तीन धुऊन, पुसून कागदात ठेवा. भिंगाखाली त्यांवर झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, त्यावरून वयाचा अंदाज लागतो. वहीत तिथी, पाण्याची वेळ, जागा आणि लांबी यांच्या शेजारी तो खवला चिकटवतो.

आणि पोट फेकण्याआधी उघडून बघा. गेल्या ऑक्टोबरात, पंचमीला लागलेल्या ६४ सेंटिमीटरच्या माशाच्या पोटात एकही बोय नव्हता. तीन निवट्या होत्या आणि एका लहान खेकड्याची नांगी. मी सकाळभर बोय लावून बसलो होतो. निवट्या ओहोटीच्या टोकाला उघड्या चिखलावर उड्या मारत असतात, आणि भरतीचं पहिलं पाणी वर सरकलं की जिताडा त्यांच्यासाठी गुडघाभर पाण्यात येत असणार. पुढच्या षष्ठीला चराचं तोंड सोडून मी त्या चिखलाच्या कडेला उभा राहणार आहे.